डोंगा आणि साडेतीन सीसी

चैत्र लागला होता. पहाटेच गावातल्या बायका-पोरं टोपल्या घेऊन मोहाखाली गेली होती आणि मी लाकडी पेटी खांद्यावर घेऊन तलावाच्या पाळीवर उभा होतो. पेटीत फायबरग्लासची, खोल ‘व्ही’ बुडाची, ८५ सेंटिमीटर लांबीची शर्यतीची बोट होती. तिच्या पोटात ३.५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. वजन सगळं मिळून सव्वादोन किलो. नागपुरात पंपदुरुस्तीच्या कामातून उरलेल्या वेळात दोन वर्षं तिच्यावर घालवली होती. पण तिला मोकळं पाणी दाखवायचं, तर मला आजोळच आठवलं.

आजोळ मुलचेरा तालुक्यातलं, ढिवरांचं. पावसाळ्यात दिना नदी फुगली की रस्ते बंद पडतात, आणि मग डोंगा हेच वाहन. मामा गावच्या मच्छीमार संस्थेचे जुने सभासद. तलाव संस्थेकडे ठेक्यानं आहे. त्यात सोडलेलं प्रत्येक बोटुकलं त्यांच्या हिशेबात असतं. पुढचं बोलणं दोन दिवसांतलं आहे, थोडं पाळीवर आणि थोडं मामीच्या चुलीशी झालेलं. मामांची बोली तशीच ठेवली आहे. त्यांचं म्हणणं प्रमाण मराठीत घातलं की त्याचा जोर जातो.

मामा : हे काय आनलं?

मी : बोट. रेडिओवर चालते. तिची चाचणी घ्यायची आहे.

मामा : मानूस बसते का हिच्यात?

मी : नाही.

मामा : जाळं टाकता येते?

मी : नाही.

मामा : काही पल्याड नेता येते?

मी : नाही, मामा. ती फक्त जोरात जाते. साठ-पासष्ट किलोमीटरनं.

मामा : मंग हे एरंडाचं गुऱ्हाळ काहून लावलं बाप्पा?

मी : एरंड तर खरंच आहे हिच्यात. इंधनाचा पाचवा हिस्सा एरंडेल तेल आहे. बाकीचं मिथेनॉल. या इंजिनाला वेगळं ऑइल घालायची जागाच नाही. इंधनातलं तेलच पिस्टनला, बेअरिंगला वंगण देतं आणि धुराबरोबर बाहेर पडतं. एवढ्या उष्णतेत टिकून राहणारी तेलं फार थोडी, त्यांत एरंडेल जुनं आणि भरवशाचं.

मामा : मिथेनॉल म्हंजे?

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं आणि त्याचीच धास्ती होती. गडचिरोली जिल्ह्यात १९९३पासून दारूबंदी आहे. ती लोकांनी, विशेषतः बायकांनी, भांडून मिळवलेली आहे. अशा गावात अल्कोहोलचा कॅन घेऊन येणं ही साधी गोष्ट नव्हे.

मी : तेही एक अल्कोहोल आहे, पण पिण्याचं नाही. विष आहे. थोडं पोटात गेलं तरी डोळे जातात, जीव जातो. २०१५च्या जून महिन्यात मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं दगावली ती याच्यामुळे. म्हणून कॅनला कुलूप लावलंय, वर लाल रंगात लिहिलंय आणि चावी माझ्या गळ्यात आहे. परवानाधारक दुकानातून पावतीसकट घेतलंय, आणि गावात यायच्या आधी ठाण्यात कळवून आलोय.

मामा : चावी माया हाती दे. तू झोपशील तवा पोट्टे जागे असतीन.

मी चावी दिली. दुसऱ्या दिवशीची दुपार होईपर्यंत ती त्यांच्या कमरेच्या करगोट्याला होती.

मी : आणखी एक सांगतो. हे जळतं तेव्हा उन्हात ज्वाळा दिसत नाही. हात भाजला की मगच कळतं. म्हणून टाकी भरताना जवळ पाण्याची बादली हवी. मिथेनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळे पाण्यानं विझतं. पेट्रोलचं तसं नाही.

मामा : आन् पोट्टा म्हनून रायला होता का ‘नायट्रो’ची बोट हाये म्हनून. थे काय?

मी : नायट्रोमिथेन. शर्यतवाले लोक इंधनात ते मिसळतात, म्हणून या इंजिनांना सरसकट ‘नायट्रो’ म्हणायची सवय लागली. एक किलो पेट्रोल नीट जळायला पावणेपंधरा किलो हवा लागते. मिथेनॉलला साडेसहा किलोच्या आत भागतं. नायट्रोमिथेनला पावणेदोन किलो पुरते, कारण प्राणवायू त्याच्या रेणूतच असतो. म्हणजे त्याच सिलिंडरमध्ये, त्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जाळता येतं. ताकद वाढते ती त्यामुळे.

मामा : तेच तं इचारून रायलो. थे स्फोटाचं सामान होय का नाई?

मी : त्याचा तसा उपयोग होतो, हे खरं आहे. म्हणून मी ते आणलेलंच नाही. ऐंशी भाग मिथेनॉल आणि वीस भाग एरंडेल, एवढंच. मॉडेल विमानांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत काही वर्गांना हेच मिश्रण सक्तीचं आहे. नायट्रोशिवाय ‘नायट्रो’ इंजिन चालतं, मामा. थोडं हळू चालतं आणि सुई जास्त काटेकोर लावावी लागते.

या भागात त्या रसायनाचा कॅन घेऊन फिरणारा माणूस स्वतःबरोबर गावालाही अडचणीत आणतो. दहा-बारा किलोमीटरच्या जादा वेगासाठी ते करावं असं मला कधीच वाटलं नाही, आजही वाटत नाही. जिथे ते रीतसर मिळतं आणि कुणाला त्याचं भय नाही, तिथल्यांनी खुशाल वापरावं.

मामा : आन् हे हातातलं वायरलेस? त्याले परवाना नाई लागत?

मी : याला नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या साधनांसाठी २००५मध्ये परवान्याशिवाय खुला केला. मात्र ही लहर पाण्यातून जात नाही. म्हणून बोटीवर ही अँटेनाची नळी वर काढली आहे. समजा संदेश तुटलाच, तर बोटीतलं यंत्र आपोआप कार्बोरेटर बंद करतं. आत्ता करून दाखवतो.

इंजिन बंद ठेवूनच मी बोटीचा रिसीव्हर सुरू केला, थ्रॉटल पूर्ण उघडला आणि हातातल्या ट्रान्समीटरचं बटण बंद केलं. कार्बोरेटरचा दट्ट्या टक्कन बंद झाला. मामांनी ते मला पुन्हा एकदा करायला लावलं.

मामा : हे बरं हाये. लगाम तुटला तं बैल उभा रायते.

नंतर पाळीवरच्या चिंचेखाली घोंगडी अंथरून मी बोट उघडली. पाण्यावरची चार मिनिटं या बोटींच्या चित्रफितींत सगळे पाहतात. खरा खेळ घोंगडीवर होतो, आणि मामा तिथून हलले नाहीत, म्हणून तो सविस्तर सांगतो.

मी : हा प्लग बघा. मोटारसायकलच्या प्लगसारखी यात ठिणगी पडत नाही. आत प्लॅटिनमच्या जातीच्या तारेचं वेटोळं आहे. सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलनं ते लाल करायचं. इंजिन धरलं की सेल काढून घ्यायचा. पुढे मिथेनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांच्या संयोगानंच तार तापलेली राहते. रे आर्डेन नावाच्या अमेरिकन माणसानं १९४७मध्ये हा प्लग बाजारात आणला, तेव्हापासून छोट्या इंजिनांना कॉइल आणि बॅटरीचं ओझं वागवावं लागत नाही.

मामा : म्हंजे दारूच्या वाफेवर निखारा जित्ता रायते.

मी : अगदी तसंच. आणि हा दांडा पाहा, इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारा. सरळ लोखंडी सळई नाही, तारा पिळून केलेली लवचिक केबल आहे. जोर आला की पीळ घट्ट होतो आणि ती आखूड होते. म्हणून पंख्याच्या पुढच्या या भागात अडीच-तीन मिलिमीटर फट ठेवायची. फट नसली तर भर वेगात ती इथे घासते आणि इंजिनच ओढून धरते. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. दोन केबली तुटल्या, आणि मी दोष इंजिनाला देत होतो.

मामा : दोराचं बी तसंच. वल्ला झाला का आखडते. जाळ्याचा वरचा दोर लावताना आमी ढील ठेवतोच.

मी : ही पितळी तोटी बघा. बोट पळताना सुकाणूतून पाणी आत ढकललं जातं, इंजिनाच्या डोक्याभोवती फिरतं आणि इथून धार होऊन बाहेर पडतं. पाळीवरून धार दिसली म्हणजे इंजिन थंड आहे. घरी नवं इंजिन चालवून मऊ करायचं होतं तेव्हा पाणी कुठून आणणार? सलाइनची रिकामी बाटली खिळ्याला उलटी टांगली आणि तिची नळी इथे लावली.

पंखा त्यांनी स्वतः हातात घेतला. दोनच पाती, चाळीस मिलिमीटर व्यास, धार ब्लेडसारखी. पाण्यात घसर नसली तर एका फेऱ्यात तो बोटीला ५६ मिलिमीटर पुढे नेतो. मिनिटाला २२ हजार फेरे धरले तर तासाला ७४ किलोमीटर होतात. प्रत्यक्षात घसर आहे, म्हणून साठ-पासष्ट. हा पंखा अर्धा पाण्यात आणि अर्धा हवेत राहून चालतो. त्याचं एक पातं दुसऱ्यापेक्षा जराही जड असलं तर सगळी बोट थरथरते आणि इंधनाला फेस येतो. तो तोलायला मी दोन ब्लेडांच्या धारेवर आडवी सुई ठेवतो, तिच्यावर पंखा अडकवतो आणि जड पातं खाली गेलं की घासतो. असे पंखे काही वेळा बेरिलियम मिसळलेल्या तांब्याचे असतात. त्याची भुकटी फुप्फुसाला घातक, म्हणून घासायचं ते पाण्याखालीच.

मामांनी धारेवरून अंगठा आडवा फिरवला, पारखीच्या सावधपणानं.

मामा : हे मानसाले लागलं तं?

मी : हाडापर्यंत जाईल. म्हणूनच आधी विचारतोय, घाट कधी रिकामा असतो?

मामा : तेच तं तू शेवटी इचारून रायला. आदी इचारायचं होतं. हे पानी कोनाचं हाये?

इथून खरा वाद सुरू झाला.

मामा : तुया टाकीत तेल किती?

मी : टाकी १२० मिलिलिटरची. तिच्यात २४ मिलिलिटर तेल.

मामा : जळते का थे?

मी : थोडं जळतं. बहुतेक बाहेर पडतं.

मामा : म्हंजे पान्यात. दिवसभऱ्यात किती टाक्या?

मी : सहा धरल्या होत्या.

मामा : दीडशे मिली तेल माया तलावात.

मी : मामा, ते खनिज तेल नाही. झाडाचं आहे, कुजून जातं. ओतलेल्या डिझेलशी त्याची तुलना नको.

मामा : झाडाचं हाये म्हनून मासोळीले चालते, हे तुले कोनं सांगलं? बोटुकली सोडाच्या आदी नको ते मासे मारतो आमी, थे कायनं? मोहाच्या ढेपेनं. हेक्टरी दोन-अडीच हजार किलो टाकतो. थे बी झाडाचंच होय. मासोळ्या उलट्या होऊन वर येते. मंग पंधरा-वीस दिवस पान्याची नशा उतरे लोक नवं बीज टाकत नाई.

मला उत्तर सुचलं नाही. ढेपेचं प्रमाण आणि माझं दीडशे मिलिलिटर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मी बोलू शकलो असतो. पण त्यांचा मुद्दा प्रमाणाचा नव्हताच. ‘नैसर्गिक’ हा शब्द मी ढाल म्हणून पुढे केला होता आणि ढिवराच्या पोराला तो शोभत नव्हता. शिवाय आवाज होता. सेकंदाला साडेतीनशेवर स्फोट होणारं इंजिन म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावरून दूरवर जाणारी किंकाळी. सांडव्याकडच्या बेशरमात पाणकोंबड्यांची घरटी होती, ती मामांनी दाखवेपर्यंत मला दिसलीही नव्हती.

मामेभाऊ इतका वेळ गप्प होता. त्यानं विचारलं, “दादा, बॅटरीवरची काहून नाई आनली? मोबाइलमध्ये पाहिली मी. तिचा आवाज बी नाई, तेल बी नाई.”

मी : बरोबर बोललास. आणि ती हिच्यापेक्षा वेगात जाते. लिथियमच्या बॅटऱ्या आणि ब्रशलेस मोटारी आल्यापासून वेगाच्या बाबतीत या इंजिनांची मक्तेदारी संपली.

मामा : मंग?

मी : बॅटरीची बोट बटण दाबलं की जाते. ही ऐकावी लागते, मामा. सकाळी गार हवेत लावलेली सुई दुपारी चालत नाही. हवा तापून विरळ झाली की तेवढंच इंधन जास्त होतं आणि इंजिन घुसमटतं. मग सुई आठव्या हिश्श्यानं बंद करायची. जास्त बंद झाली तर आवाज चढतो, कानाला बरा वाटतो, आणि त्याच वेळी आतलं वंगण कमी पडत असतं. आवाजावरून आतलं दुखणं ओळखायचं, ही विद्या मला पंपांच्या कामात रोज लागते आणि ती मी हिच्याकडून शिकलो. इथल्या पोरांच्या हाताला इंजिन लागतं ते मोटारसायकल बिघडली की, तेही दुसरा कुणी उघडतो तेव्हा लांबून. ही त्यांनी स्वतः उघडावी असं मला वाटतं.

मामा : शिकाले शर्यतच काहून लागते? नदीत मानसं वाहून जाते इथं. दिना भरली का बाळंतिनीले डोंग्यातनं न्या लागते. तिथं पोचन अशी बोट बनव ना. हे पळून कोनाले दाखवाचं?

मी : तशा बोटी झाल्या आहेत. ‘एमिली’ नावाची रेडिओवर चालणारी बोट आहे, तरंगत्या फेसाची. ग्रीसमधल्या लेस्बोस बेटाजवळ निर्वासितांना वाचवायला ती वापरली. बुडणाऱ्यानं तिला धरायचं. पण तिलाही हेच सगळं लागतं, संदेश तुटला तर काय, नाक किती वर, वजन कुठे, पाणी आत कसं येणार नाही. आणि रेडिओवरच्या बोटीची सुरुवातच दाखवण्यासाठी झाली. निकोला टेस्लानं १८९८मध्ये न्यूयॉर्कला लोकांसमोर हौदात छोटी बोट अशी चालवून दाखवली. तिच्यात कुणी बसत नव्हतं, ती काही वाहून नेत नव्हती.

रात्री चुलीशी हाच धागा पुन्हा निघाला. जेवायला शेजारच्या बंगाली गावातले एक दादा आले होते. मामा त्यांच्याकडून मत्स्यबीज घेतात. १९६०च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेली निर्वासित कुटुंबं शासनानं मुलचेरा-चामोर्शी भागात वसवली. जंगलात आलेल्या त्या माणसांनी जमेल तिथे घरामागे तळं खोदलं. दादांनी बोट हातात धरून बराच वेळ बुडाकडे पाहिलं आणि ‘नौका बाइच’चं सांगू लागले. त्यांच्या वडिलांच्या मुलखात पावसाळ्यात लांबलचक अरुंद होड्यांची शर्यत असे, गावच्या गाव वल्ही मारायला बसे, काठावर ढोल. त्यांनी स्वतः ती पाहिली नाही, वडिलांकडून ऐकली. पाण्याची इतकी माणसं, ती इथे आली तेव्हा होड्या मागे राहिल्या, तेवढंच ते म्हणाले.

मामा : पान्यावर रोजी असली तरी लोक शर्यत लावते म्हनता?

दादा : रोजी होती, म्हणूनच तर लावत होते.

मामांनी यावर काही म्हटलं नाही. मला मात्र त्या एका वाक्यानं जे मिळालं ते एमिली आणि टेस्ला सांगून मिळालं नव्हतं. उपयोगाचा दाखला देऊन मी माझ्या बोटीची उगाच वकिली करत होतो. मला ती पळवायचीच होती. पळणाऱ्या बोटीवर माझं प्रेम आहे, आणि तेवढं कारण पुरेसं आहे असं मी आता मानतो. अट एकच, पाणी ज्याचं त्याला विचारायचं.

झोपायच्या आधी मामांनी ठरवून टाकलं. टाक्या तीनच. सांडव्याचा कोपरा सोडून. सकाळी साडेसातच्या आत, बायका मोहाहून परत यायच्या आधी. पोरं पाळीच्या अलीकडे. बोट बंद पडली तर कुणीही पोहत जायचं नाही, डोंगा जाईल.

मी : डोंगा कोण नेणार?

मामा : मी हाये ना.

सकाळी पाणी काचेसारखं होतं. मी डोळ्यांनी तीन खुणा धरल्या, एक पळस, एक खुंट, एक खडक. त्यांच्याभोवती उजवीकडे वळत फिरायचं, कारण पंखा मागून पाहिला तर घड्याळाच्या उलट फिरतो आणि त्याच्या उलट्या झटक्यानं बोट उजव्या अंगावर कलते. शर्यतीही याच कारणानं घड्याळाच्या दिशेनं होतात. मामेभाऊ गुडघाभर पाण्यात उभा राहिला. फ्लायव्हीलच्या खोबणीत पट्टा घालून ओढला, दुसऱ्या ओढीला इंजिन धरलं, सेल काढला. त्यानं बोट डोक्याच्या मागून नेऊन पुढे सोडली.

पहिली टाकी मी मुद्दाम सुई उघडी ठेवून चालवली. घरघर आवाज, मागे पांढऱ्या धुराची जाड रेघ, तोटीतून धार स्वच्छ. बोट पाण्याच्या वर येत होती आणि पुन्हा बसत होती. टाकी संपत आली तसं काठाला घेतलं, प्लग काढून तार बघितली, ओली आणि चकचकीत. सुई आठवा हिस्सा बंद केली.

दुसऱ्या टाकीला ते झालं ज्याची मी वाट बघत होतो. सायलेन्सरची नळी इंजिनाशी सुरात आली. या नळीची लांबी अशी धरलेली असते की धुराची लाट परत फिरून नेमक्या क्षणी सिलिंडरच्या दाराशी यावी आणि बाहेर पडू पाहणारं ताजं मिश्रण आत ढकलावं. तो क्षण आला की आवाज एकदम फाटल्यासारखा चढतो आणि बोट उडी मारून पुढे जाते. पोरं ओरडली. पण बोट नुसती पळत नव्हती, बेडकासारख्या उड्या घेत होती. नाक वर, आपट, पुन्हा वर.

याचं कारण मला आकड्यांत ठाऊक होतं. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्यानं दीडशे वर्षांपूर्वी हौदात प्रतिकृती ओढून ताडून पाहिलं, की लांबी दहापट केली तर त्याच तऱ्हेच्या लाटांसाठी वेग तीनपटीहून थोडा जास्त लागतो. माझी बोट साठनं पळते तेव्हा तिच्या पाण्याशी चाललेल्या झटापटीचं मोठं रूप म्हणजे साडेआठ मीटरची होडी ताशी १९० किलोमीटरनं. एवढ्या वेगात वजन दोन बोटं मागे असलं तरी नाक उडतं. पण बोट काठाला घेतल्यावर मला वाटलं, पंख्याचा आधार खाली घ्यावा आणि सुई आणखी थोडी बंद करावी. एका वेळी एकच बदल करायचा, हा माझा स्वतःचा नियम मी उत्साहात मोडला.

बोट पुन्हा सोडली. तलावाच्या मध्यावर आवाज सुंदर चढला, तसाच क्षणभर राहिला आणि तुटला. बोट थांबली. प्लगची तार गेली होती.

मामांनी डोंगा सोडला. एका खोडातून कोरलेला, काळपट, मी लहानपणी ज्यात बसलो तोच. मला मागे बसवलं, स्वतः बांबू घेतला, आणि निघायच्या आधी पाळीवरचा एक धोंडा उचलून डोंग्याच्या पार पुढच्या टोकाला ठेवला.

मी : तो कशाला?

मामा : दोघं मागं बसलो तं नाक वर येते. वारा लागला का फिरवते. आन् तुयी बोट पाह्यतो मी कवापासून. तिचं ढुंगण जड हाये. आन् उजव्या अंगावर कलते. तू मागचं खाली-वर करून रायला. समोर वजन दे. थोडं डाव्या बाजूनं.

मी : आधार खाली घेतला की तोच परिणाम...

मामा : असन. पन एक पाय आखूड हाये तं जमीन काहून खोदतो?

बोट उलटली नव्हती. आत चमचाभर पाणी. रिसीव्हरच्या डबीचा फुगा कोरडा. परत येताना मामांनी ती मांडीवर घेतली होती आणि बोटानं बुडाखाली तोल शोधत होते. पुढे-मागे सरकवत ती ज्या जागी आडवी राहिली तिथे त्यांनी नखानं खूण केली. मी घरी काढलेल्या खुणेपेक्षा ती बोटभर मागे होती. माझी खूण रिकाम्या टाकीची होती, आणि टाकी मागच्या बाजूला. भरलेल्या टाकीचं वजन मी धरलंच नव्हतं.

काठाला आल्यावर त्यांनी झाडावर वाळत घातलेल्या जाळ्याची कड ओढली आणि दातांनी दोरा सैल करून शिशाच्या गोळ्या काढल्या. एकेक तळहातावर जोखून आठ वेचल्या. मी त्या नाकाच्या पोकळीत, डाव्या भिंतीला, टेपनं पक्क्या बसवल्या. आधार पहिल्या जागी नेला. सुई पाव फेरा उघडली. नवा प्लग लावला. अंगणाकडून बायकांचे आवाज येऊ लागले होते. घड्याळात सव्वासात.

मामा : हे शेवटची.

तिसऱ्या टाकीला बोट सुटली, नळी सुरात आली आणि नाक पाण्यापासून दोन बोटं वर जे थांबलं ते तिथेच राहिलं. उडी नाही. पळसाकडे वळली तेव्हा उजवी कड पाण्यात रुतली, पाण्याचा फवारा डोक्याएवढा उडाला, आणि ती वळणातून आत गेली तेवढ्याच वेगानं बाहेर आली. धुराची रेघ बारीक आणि निळसर होती. चार फेऱ्या. पाचवीला मी ट्रान्समीटर मामांच्या हातात दिला. त्यांनी घेतला, थ्रॉटलला हात लावला नाही, फक्त सुकाणूच्या चाकावर अंगठा ठेवला आणि बोट खडकापासून लांब, मोठ्या वळणानं फिरवली, जाळं टाकायच्या आधी डोंगा फिरवतात तशी. मग त्यांनीच थ्रॉटल बंद केला. ती तरंगत काठाकडे आली.

टाकीत दोन-अडीच चमचे इंधन उरलं होतं. ते मी परत कॅनमध्ये घेतलं, कुलूप लावलं. इंजिनात वंगणाचे थेंब सोडून चार वेळा फिरवलं. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि रात्रीत बेअरिंगला गंज धरतो. मामेभावानं पाण्यावर आलेला तेलाचा तवंग गवताच्या पेंढीनं ओढून काठावर घेतला. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मामा : पावसाळा झाला का आनजो. तवा सांडवा चालू असते, पानी बदलते. आन् थे बॅटरीची बी पाहाजो.

मी : बघतो.

मामा : आन् शिसं काढून दे. दुपारी जाळं टाकाचं हाये.